चाकांवरचा संसार

पुण्याच्या एका वयोवृद्ध वाचकांचें पत्र या महिन्यांत आम्हांस आलें. नांवगांव प्रसिद्ध करूं नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळें तें आम्ही वगळतों. मजकूर मात्र त्यांच्या संमतीनें येथें सांगतों. कारण ज्यांतील एकही माणूस परदेशीं नाहीं असें घर आज आमच्या वाचकवर्गांत विरळाच सांपडेल, आणि त्यांना पडलेला प्रश्न उद्यां दुसऱ्या कोणाही घरापुढें उभा राहूं शकेल.

पत्रांतील हकीकत थोडक्यांत अशी. पत्रलेखकांचे धाकटे बंधु १९८४ सालीं अमेरिकेस गेले, तेथेंच नोकरी करून स्थिरावले आणि आतां सेवानिवृत्त झाले आहेत. मुलगा व मुलगी आपापल्या संसारांत दूरच्या शहरीं आहेत. गेल्या दिवाळींत त्यांनीं दूरध्वनीवर दादांना कळविलें, कीं आम्ही उभयतां राहतें घर विकून एक मोटारघर विकत घेत आहोंत, आणि यापुढें बारा महिने त्यांतच राहून सारा देश हिंडणार आहोंत. दादांना हें ऐकून जो धक्का बसला तो अजून ओसरलेला नाहीं. ते लिहितात, कीं "रस्त्यावर येणें" या शब्दांचा आपल्या भाषेंत एकच अर्थ आहे. पेन्शनींत निघालेल्या, खाऊन पिऊन सुखी असलेल्या माणसानें तो अर्थ आपण होऊन कां ओढवून घ्यावा? त्याला यापासून कसें परावृत्त करावें, तें सुचवावें.

पत्राच्या अगदीं शेवटीं, सहीच्या वर, आणखी एक वाक्य आहे. आमच्या वाड्यांतील माडीवरची एक खोली गेलीं तीस वर्षें आम्हीं त्याच्यासाठीं राखून ठेविली आहे, एवढेंच तें वाक्य. त्याकडे आम्ही शेवटीं वळूं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे, कीं बंधूंच्या मनानें घेतलेली ही गोष्ट अगदींच नवी किंवा एकट्यादुकट्याच्या डोक्यांतून निघालेली नाहीं. १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका निवृत्त ब्रिटिश आरमारी डॉक्टरनें ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्यांतून केवळ हिंडण्याफिरण्यासाठीं एक चाकांवरचें घर बनवून घेतलें. त्याला दोन घोडे जोडून तो इंग्लंडांतून थेट उत्तर स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. बरोबर गाडीवान होता, गडी होता, कुत्राही होता; म्हणजे संसार बराच मोठा होता! पुढें १९०७ सालीं अशा हौशी लोकांचा इंग्लंडांत एक क्लबच निघाला. अमेरिकेंत मोटार सामान्य माणसाच्या आटोक्यांत आल्यावर या हौसेला ऊत आला. १९३० नंतरच्या दशकांत रॉजर बॅबसन या प्रसिद्ध अर्थपंडितानें असें भाकीत केलें, कीं वीस वर्षांत निम्में अमेरिकन राष्ट्र चाकांवरच्या घरांत राहूं लागेल. भाकीत साफ खोटें ठरलें. परंतु १९६६ मध्यें आयोवा राज्यांतील फॉरेस्ट सिटी या लहानशा गांवच्या विनेबागो कंपनीनें कारखान्याच्या पद्धतीनें मोटारघरें बनविण्यास आरंभ केला, आणि तेव्हांपासून निवृत्त जोडप्यानें असें घर घेऊन निघणें ही त्या देशांत कोणी बोट दाखवावें अशी गोष्ट उरली नाहीं. आपल्या महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं अशा वाहनांतून होणाऱ्या पर्यटनासाठीं एक धोरण मंजूर केलें. मात्र तो सुटींतील चार दिवसांचा प्रवास, आणि बंधूंनीं योजिला आहे तो कायमचा संसार. या दोहोंत फार अंतर आहे.

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, असें आपण म्हणतों. पण हें बिऱ्हाड चालतें कसें, तें आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिलें असेल. आणि तें समजल्यावांचून त्याच्या बऱ्यावाईटाविषयीं मत देणें योग्य होणार नाहीं.

मोठें मोटारघर म्हणजे एस. टी.च्या बसएवढें वाहन. आंत निजण्याची जागा, शेगडी, शीतकपाट, न्हाणी व शौचकूप. त्याच्या पोटांत तीन टांक्या असतात : एक स्वच्छ पाण्याची, एक न्हाणीच्या व भांडीं विसळलेल्या पाण्याची, आणि एक मैल्याची. पहिली भरली कीं संसार सुरू, आणि उरलेल्या दोहोंपैकीं एक जरी भरली कीं संसार थांबला! मग ठरलेल्या जागीं गाडी नेऊन, हातमोजे घालून, जाड नळी जोडून यजमानांनीं स्वहस्तें ती रिकामी करावयाची. हें काम करण्यास तेथें दुसरा कोणी येत नाहीं. स्नान करतांना आंग भिजवावें, नळ बंद करावा, साबण लावावा, आणि मग पुन्हां नळ सोडावा, असा शिरस्ता. दुष्काळी गांवीं वाढलेल्या गृहिणीला हें शिकवावें लागत नाहीं. पण तीस वर्षें चोवीस तास गरम पाण्याच्या नळाखालीं काढलेल्या माणसाला लागतें.

वीज बॅटरींत सांठविलेली; ती गाडी चालतांना, छपरावरील सौर पॅनेलांनीं, किंवा तळावरील विजेच्या खांबाला दोर जोडून भरावयाची. स्वयंपाक, गरम पाणी आणि थंडींतील ऊब प्रोपेन गॅसवर. अनेक मोटारघरांतील शीतकपाटही याच गॅसच्या ज्योतीवर चालतें, म्हणजे आगीनें बर्फ होतो; मात्र त्यासाठीं गाडी समपातळींत उभी असावी लागते, नाहीं तर आंतील अमोनियाचें अभिसरण बिघडून तें कायमचें निकामी होऊं शकतें. म्हणून मुक्कामाला पोहोंचल्यावर पहिलें काम चहाचें नव्हे; पाणसळ लावून चाकांखालीं फळ्या सरकविण्याचें. तेलाचा खर्च म्हणाल, तर मोठी गाडी एका लिटरला तीनचार किलोमीटरपेक्षां फारशी पुढें जात नाहीं. टायरांवरची नक्षी झिजण्याआधींच रबर वयानें चिरतें, म्हणून पांचसात वर्षांत ते नवे दिसत असले तरी बदलावे लागतात. छपराच्या सांध्यांतून पाणी झिरपूं लागलें, कीं आंतलें लांकूड कुजतें. आणि सर्वांत महत्त्वाचें हें, कीं जमिनीवरच्या घराची किंमत बहुधा वाढते, चाकांवरच्या घराची वर्षानुवर्षें उतरते. घर विकून मोटारघर घेणें म्हणजे वाढतें धन देऊन घटतें धन घेणें होय. पुन्हां परत फिरावेंसें वाटलें, तर जुनें घर त्या पैशांत मिळत नाहीं.

मग लोक जातात तरी कां? आमच्या मतें याचीं उत्तरें दोन आहेत, आणि त्यांची गल्लत होऊं देतां कामा नये.

पहिलें उत्तर खऱ्या आनंदाचें आहे. त्या देशांत सरकारी मालकीची मोकळी जमीन अफाट आहे. पश्चिमेकडील राज्यांत भूमिव्यवस्थापन खात्याच्या बऱ्याचशा जमिनीवर अठ्ठावीस दिवसांपैकीं चौदा दिवस कोणासही फुकट तळ ठोकतां येतो. मग कांहीं मैल पुढें सरकावें. अॅरिझोना राज्यांतील क्वार्टझाइट या वाळवंटी गांवाभोंवतीं याच खात्यानें दीर्घ मुक्कामासाठीं जागा राखून ठेवल्या आहेत. १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत ठराविक शुल्क भरून तेथें सबंध हिंवाळा काढतां येतो. उत्तरेकडील बर्फाला कंटाळलेलीं वृद्ध जोडपीं पांखरांसारखीं तेथें उतरतात, आणि एरवीं सुनसान असलेलें तें वाळवंट गजबजून जातें. ज्या माणसानें चाळीस वर्षें घड्याळाच्या कांट्यावर काढलीं, त्याला सकाळीं उठून "आज कोठें जावें?" असें स्वतःला विचारतां येणें ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या वाडवडिलांनीं काशीयात्रेसाठीं घरदार मुलांवर सोपवून वर्षवर्ष पायपीट केलीच कीं नाहीं?

दुसरें उत्तर मात्र खिन्न करणारें आहे. २००८ सालच्या आर्थिक अरिष्टानंतर पुष्कळ वृद्धांचीं घरें गेलीं, पुंजी गेली, आणि भाडें परवडेना म्हणून ते गाडींत राहूं लागले. जेसिका ब्रुडर या पत्रकार बाईंनीं अशा लोकांबरोबर हिंडून २०१७ सालीं "नोमॅडलँड" हें पुस्तक लिहिलें, त्यावरून निघालेल्या चित्रपटास २०२१ मध्यें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें, आणि तेव्हां जगाला कळलें, कीं साठी-सत्तरी उलटलेलीं माणसें शरद ऋतूंत बीटच्या हंगामावर, सणासुदीच्या दिवसांत मोठ्या गोदामांत, आणि उन्हाळ्यांत सरकारी तळांचीं शौचालयें झाडण्याच्या कामावर जात जात वर्ष काढीत आहेत. दादांनीं लिहिलेला "रस्त्यावर येणें" हा वाक्प्रचार त्यांच्या बाबतींत अक्षरशः खरा आहे. बाहेरून पाहतां दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच तळावर शेजारीं शेजारीं उभ्या असतात. फरक एवढाच, कीं एकाला परत फिरण्याची वाट आहे आणि दुसऱ्याला नाहीं.

येथें आमच्या मतें या प्रश्नाचें वर्म आहे. चाकांवरच्या घरालाही कोठें तरी एक स्थिर खुंटा लागतो. हें आम्ही अनुमानानें सांगत नाहीं. त्या देशाचा कायदाच तसें सांगतो. वाहनाची नोंदणी, चालकाचा परवाना, कर, विमा, मतदान, हें सर्व कोणत्या तरी एका राज्यांतील पत्त्याशीं बांधलेलें असतें. म्हणून बाराही महिने फिरणारे बहुतेक लोक टेक्सस, फ्लॉरिडा किंवा साउथ डकोटा यांपैकीं एका राज्याचे रहिवासी होतात; या तिन्ही राज्यांत व्यक्तीच्या वेतनावर राज्याचा प्राप्तिकर नाहीं. साउथ डकोटांत तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखविली, कीं वाहनपरवाना मिळण्याची सोय अशा प्रवाशांसाठीं केलेली आहे. मतदारयादींत नांव घालण्यासाठीं मात्र २०२३ च्या कायद्यानें तीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. बिऱ्हाड कितीही हललें, तरी टपाल येण्यास एक दार हवेंच!

हें दार कसें असावें, याचा विचार ज्यांनीं सर्वांत आधीं केला, त्यांपैकीं जो व के पीटरसन हें दांपत्य होय. स्वतः अनेक वर्षें असा संसार केल्यावर त्यांनीं १९७८ सालीं "एस्केपीज" नांवाचा क्लब काढला. टेक्ससमधील लिव्हिंगस्टन येथें त्याचें ठाणें आहे. सभासदांचें टपाल तेथें येतें आणि ते जेथें असतील तेथें धाडलें जातें. परंतु आम्हांस अधिक मोलाची वाटली ती तेथीलच दुसरी सोय. ज्या सभासदाला वयामुळें किंवा दुखण्यामुळें प्रवास झेपेनासा होतो, त्यानें आपलें मोटारघर तेथें आणून उभें करावें. गाडी हलत नाहीं, पण घर तेंच राहतें; वेळेवर जेवण मिळतें, वैद्याकडे नेणारें-आणणारें कोणी असतें, आणि हांक मारली तर ओ देणारें माणूस असतें. स्वातंत्र्याच्या ओढीनें बाहेर पडलेल्या या लोकांनाही अखेर हें उभारावें लागलें, आणि त्यांनीं तें लाज न बाळगतां उभारलें, याचें आम्हांस कौतुक वाटतें.

आपल्याकडे पाहिलें तरी तेंच दिसतें. पश्चिम महाराष्ट्रांतील मेंढपाळ धनगर पावसाळा सरल्यावर मेंढरें, घोडीं, पोरेंबाळें घेऊन सह्याद्रि उतरून कोंकणांत जातात, शेतांत मेंढरें बसवून धान्य मिळवितात, आणि पावसाच्या तोंडावर आपल्या गांवाकडे परततात. ते कधीं एकटे हिंडत नाहींत. चार कुटुंबें मिळून वाडा चालतो. भटकें जीवन म्हणजे बेवारशी जीवन अशी जी आपली समजूत आहे, ती चुकीची आहे. जे पिढ्यान्‌पिढ्या हिंडत आले, त्यांना सोबत आणि परतीची जागा या दोन गोष्टींची किंमत आपल्यापेक्षां अधिक ठाऊक आहे.

तेव्हां दादांनीं बंधूंना परावृत्त करावें, असें आम्ही सांगणार नाहीं. सत्तरीच्या उंबरठ्यावरील माणसाला वडीलकीच्या नात्यानें दरडावून कांहीं साधत नाहीं. फार तर पुढल्या वेळीं तो कांहीं कळविणार नाहीं. त्याऐवजीं त्यांनीं बंधूंस चार गोष्टी विचाराव्या, आणि त्यांचीं उत्तरें शांतपणें ऐकून घ्यावीं.

पहिली ही, कीं घर विकण्याची घाई कां? पहिलें वर्ष घर भाड्यानें देऊन, मोटारघर भाड्यानें किंवा वापरलेलें घेऊन, एक हिंवाळा व एक उन्हाळा काढून पाहावा. मन रमलें, तर घर पुढच्या वर्षीं विकतां येईलच.

दुसरी ही, कीं भावजयबाईंना गाडी चालवितां येते काय? बहुतेक राज्यांत २६,००० पौंडांपर्यंतच्या मोटारघराला निराळा परवाना लागत नाहीं; पण परवाना असणें निराळें आणि घाटांत बसएवढी गाडी उतरविणें निराळें. आडरानांत एकाची छाती दुखूं लागली, तर दुसऱ्यानें गाडी हांकली पाहिजे. शिवाय या बेतांत त्यांचें स्वतःचें मन कितपत आहे, तेंही त्यांनाच विचारावें. एका खोलीएवढ्या जागेंत दोघांनीं अष्टौप्रहर राहावयाचें. तेथें रुसून बसायला माजघर नाहीं कीं गाऱ्हाणें सांगायला शेजारच्या काकू नाहींत.

तिसरी गोष्ट वैद्यकीय मदतीची. पासष्टीनंतर तेथें मेडिकेअर नांवाचा सरकारी आरोग्यविमा मिळतो. त्याचें मूळ स्वरूप घेतलें, तर तो विमा स्वीकारणाऱ्या देशांतील कोणाही डॉक्टरकडे जातां येतें. परंतु "अॅडव्हांटेज" म्हणून खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या ज्या योजना आहेत, त्या बहुधा एका ठराविक प्रदेशापुरत्या आणि ठराविक डॉक्टरांपुरत्या असतात. फिरत्या माणसानें हा भेद निघण्यापूर्वीं पाहिलाच पाहिजे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, आणि ती विचारण्याचा अधिकार वडील भावालाच आहे : चाकें थांबलीं म्हणजे कोठें? दोघांपैकीं एकजण उरला म्हणजे कोठें? लिव्हिंगस्टनसारख्या ठिकाणीं, मुलाच्या गांवीं, मुलीच्या घराशेजारीं, कीं पुण्यास? याचें उत्तर आज अगदीं नक्की नसलें तरी चालेल. पण प्रश्न त्यांच्या मनाला शिवलेला असला पाहिजे.

आणि आतां माडीवरच्या त्या खोलीविषयीं. दादांनीं राग मानूं नये. पण त्यांचें पत्र दोनतीन वेळां वाचल्यावर आम्हांस असें वाटलें, कीं त्यांना लागलें आहे तें मोटारघर नव्हे. निवृत्त झाल्यावर परत येऊं, असें बंधु जातांना म्हणाले असतील. वर्षें गेलीं, कोणीं तो विषय काढला नाहीं. आणि इकडे खोली झाडून-पुसून ठेवण्यांत येत राहिली. घर विकल्याची वार्ता आली तेव्हां दादांना क्षणभर वाटलें असेल, कीं आतां तो येणार. पण तो निघाला भलत्याच वाटेनें. हें दुःख खरें आहे. तें मोटारीच्या दोषांच्या आडून बोलून दाखविण्यापेक्षां सरळ सांगावें, हें बरें.

म्हणून आमची सूचना अशी, कीं दादांनीं बंधूंना पत्र घालावें. दूरध्वनीवर नव्हे, हातानें लिहिलेलें पत्र. त्यांत लिहावें, कीं तुझी खोली अजून तुझी आहे. तूं आलास तर आनंद आहे, चार महिन्यांसाठीं आलास तरी आनंद आहे. मात्र तुला यावयाचें नसेल तर तसें सांग, म्हणजे नातवाच्या अभ्यासाची सोय तेथें करतां येईल, आणि त्यामुळें तूं परका होणार नाहींस. त्याच पत्रांत व्यवहाराचीही एक गोष्ट घालावी. अमेरिकेचें नागरिकत्व घेतलें असल्यास ओ. सी. आय.ची नोंदणी करून त्यांना येथें हवें तितकें राहतां येतें. परंतु मेडिकेअर त्या देशाबाहेरील उपचारांचा खर्च सहसा देत नाहीं. पुण्यास येऊन राहावयाचें असेल, तर येथील दवाखान्याच्या खर्चाची तरतूद आजारीं पडण्याआधींच केली पाहिजे. राखून ठेवलेल्या खोलीनें माया कळते. औषधपाण्याचा खर्च तिनें भागत नाहीं.

खोली ठेवावी कीं द्यावी, हें मग त्या उत्तरावर ठरवावें. तीस वर्षें कोणीं न विचारलेला प्रश्न या मोटारघराच्या निमित्तानें विचारला गेला, तर त्या गाडीचे आम्ही आभारच मानूं.

दादांना आमची एक विनंति आहे. बंधूंचें उत्तर आलें म्हणजे, तें कसेंही असो, आम्हांस कळवावें. वाचक वाट पाहतील, आणि आम्हीही.